पार्श्वभूमी : रेडिओच्या रॅकमधून पॉडकास्टच्या टेबलावर

कॉम्प्रेसर, गेट आणि डी-एसर माइक व रेकॉर्डरच्या मध्ये बसवायचे, की आवाज जसा आहे तसा टिपून ही कामं नंतर संगणकावर करायची? (कॉम्प्रेसर मोठा आवाज दाबून पातळीतला फरक कमी करतो, गेट ठराविक पातळीखालचा आवाज बंद करतो, आणि डी-एसर ‘स’-‘श’चा टोचरा आवाज मऊ करतो.) पॉडकास्ट करणाऱ्यांमध्ये हा वाद जुना आहे. त्याचं मूळ या यंत्रांच्या जन्मात आहे, कारण ती पॉडकास्टसाठी घडलीच नव्हती.

१९३०च्या दशकात रेडिओ केंद्रांना लिमिटर, म्हणजे ठरलेल्या पातळीपुढे आवाज जाऊ न देणारं यंत्र, हवा होता तो ट्रान्समीटरसाठी. निवेदकाचा स्वर एकदम चढला की एएम लहरीचं मॉड्युलेशन, म्हणजे लहरीवर आवाज चढवण्याचं प्रमाण, १०० टक्क्यांपलीकडे जायचं, आवाज फाटायचा आणि शेजारच्या केंद्रांच्या प्रसारणात खरखर शिरायची. तोवर हे सगळं नॉबवर बोट ठेवून बसलेल्या तंत्रज्ञाच्या भरवशावर चालत असे. पुढे १९६०च्या दशकात प्रकाशसंवेदी रोधकावर चालणारे, आवाज अलगद धरून सावकाश सोडणारे कॉम्प्रेसर आले. १९६७च्या ‘११७६’ या कॉम्प्रेसरने ही पकड २० मायक्रोसेकंदांपर्यंत वेगवान केली. ध्वनिमुद्रणातही आधी दाबून मग टिपण्याची पद्धत रुळली, त्याला कारण टेप होती. टेपची स्वतःची सूं इतकी की हलके उच्चारलेले शब्द तिच्यात बुडत. १९८० आणि १९९०च्या दशकांत प्रीअँप (माइकचा क्षीण संकेत वाढवणारा भाग), कॉम्प्रेसर, डी-एसर आणि गेट एकाच चपट्या पेटीत देणारी उपकरणं आली, आणि पॉडकास्टकडे वारसा आला तो या पेटीचा.

२००४-०५मध्ये पॉडकास्ट रुजत होते तेव्हा कमी बिटरेटच्या एमपी३मध्ये बारकावे तसेही हरवत, म्हणून यंत्रांचा फरक फारसा जाणवत नसे. हार्डवेअरचा प्रश्न खऱ्या अर्थाने ऐरणीवर आणला तो डायनॅमिक (चुंबकातल्या तारेच्या वेटोळ्यावर चालणाऱ्या) माइकने. १९७३चा एसएम७ हा माइक आणि २००१पासूनची त्याची एसएम७बी ही आवृत्ती व्हिडिओ पॉडकास्टमुळे सर्वांच्या नजरेत आली. खोलीतला आवाज कमी उचलतो म्हणून हा माइक लोकांना आवडतो, पण त्याचं आउटपुट फारच क्षीण आहे. ठराविक ध्वनिदाबाला मिळणाऱ्या व्होल्टेजच्या मापात ते प्रति पास्कल उणे ५९ डीबीव्ही आहे, त्यामुळे साधारण बोलण्यासाठी ६० डेसिबलच्या आसपास गेन, म्हणजे संकेताची वाढ, लागतो. माइक संगणकाला जोडणारे स्वस्त इंटरफेस तिथवर पोचेपर्यंत फुसफुसू लागत. त्यावर उपाय म्हणून २०१०नंतर फँटम पॉवरवर (माइकच्या तारेतूनच येणाऱ्या विजेवर) चालणारे, २० ते २५ डेसिबल स्वच्छ गेन देणारे छोटे बूस्टर लोकप्रिय झाले, आणि २०२३मध्ये तर याच माइकची प्रीअँप आत बसवलेली आवृत्ती निघाली. पॉडकास्टचा आवाज हार्डवेअरने निर्विवाद सुधारला असेल तर तो इथे. तेही इंटरफेसचा प्रीअँप गोंगाटी असेल तरच. तो मुळात शांत असेल तर बूस्टरने फारसं काही पदरात पडत नाही.

कॉम्प्रेसर आधी लावण्याबद्दल असं म्हणता येत नाही. २४-बिट ध्वनिमुद्रणात सर्वांत हलक्या आणि सर्वांत मोठ्या आवाजातल्या अंतराची सैद्धांतिक मर्यादा १४४ डेसिबल आहे. आवाजाचे आकडे करणारे चांगले कन्व्हर्टर प्रत्यक्षात ११० ते १२० डेसिबल देतात, तरीही घरातल्या खोलीचा पंखा आणि रस्त्याची घरघर कन्व्हर्टरच्या गोंगाटाच्या कितीतरी वर असते. आवाजाची शिखरं कमाल पातळीच्या १२ डेसिबल खाली ठेवली तरी काहीही हरवत नाही. टेपच्या काळातलं कारणच उरलेलं नाही. उलट तोटा सरळ हिशेबाने दिसतो. कॉम्प्रेसरने मोठे शब्द १० डेसिबल खाली दाबले आणि पातळी भरून काढायला १० डेसिबल वाढवले, की शब्दांमधल्या विरामातला पंखा आणि भिंतींचा घुमारा १० डेसिबलने वर येतो. मग तो लपवायला गेट लावतात. गेट विरामात शांतता आणतो, शब्दांखालचा गोंगाट मात्र तसाच राहतो. त्यामुळे खोली प्रत्येक वाक्याबरोबर येते आणि जाते. सलग हलक्या घरघरीपेक्षा हे जास्त टोचतं. वाक्याच्या शेवटी आवाज खाली उतरवणाऱ्या वक्त्याचे शेवटचे शब्दच गेट गिळतो, आणि एकदा गिळलेला शब्द परत मिळत नाही.

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही अनुभवातून आलेलं आहे. थेट प्रसारणात ‘नंतर’ नसतं. ॲनालॉग यंत्रात विलंब नसल्याने बोलणाऱ्याला हेडफोनमध्ये आपला घडवलेला आवाज लगेच ऐकू येतो आणि तो माइकपासूनचं अंतर आपोआप सांभाळतो. दर आठवड्याला भाग काढणाऱ्या, संकलक नसलेल्या माणसाचे तासही वाचतात. पण यातली बहुतेक कारणं सोयीची आहेत, आवाजाच्या गुणवत्तेची नाहीत, आणि जाहिरातींमध्ये या दोन्हींची सर्रास सरमिसळ होते.

२०१८पासून पॉडकास्टसाठीच बनलेले मिक्सर आले आणि वादाची धार थोडी बोथट झाली. अशा अनेक यंत्रांत थेट ऐकू जाणारं मिश्रण प्रक्रिया केलेलं आणि प्रत्येक माइकचा स्वतंत्र ट्रॅक कोरा, असं एकाच वेळी टिपता येतं. २०१९पासून ३२-बिट फ्लोट (कमाल पातळी ओलांडलेला आवाजही न कापता टिपणाऱ्या) पद्धतीने नोंदवणारे हातात मावणारे रेकॉर्डर मिळू लागले, तेव्हा लिमिटरचं ‘आवाज फाटू नये’ हे शेवटचं कारणही बरंच सैल झालं. माइक किंवा प्रीअँपच फाटला तर मात्र फ्लोटही वाचवत नाही.

आवाजाच्या मोठेपणाचा प्रश्न वेगळ्या वाटेने सुटला. कानाला जाणवणारी पातळी मोजण्याचं आंतरराष्ट्रीय मानक २००६मध्ये आलं, २०१०मध्ये युरोपातल्या प्रसारणासाठी उणे २३ एलयूएफएस (जाणवणाऱ्या मोठेपणाचं एकक) ही पातळी सुचवली गेली, आणि पॉडकास्टमध्ये उणे १६च्या आसपासचा संकेत रूढ झाला. ही पातळी पूर्ण मिश्रणावर, अगदी शेवटी बसवली जाते. त्यामुळे भाग जोरकस वाजावा म्हणून माइकजवळच कॉम्प्रेसर पिळण्याला अर्थ राहिला नाही.

गोंगाट काढणाऱ्या सॉफ्टवेअरने अलीकडे कोऱ्या ट्रॅकची किंमत आणखी वाढवली आहे. गोंगाटाचा नमुना घेऊन तो वजा करणाऱ्या साधनांना स्थिर पार्श्वनाद लागतो. कॉम्प्रेसर आणि गेटने वरखाली केलेला नाद त्यांच्या हाती नीट लागत नाही. म्हणून माइक आणि रेकॉर्डरच्या मध्ये स्वच्छ प्रीअँप आणि ८० हर्ट्झच्या आसपासचा, त्याखालची घरघर अडवणारा हाय-पास फिल्टर एवढंच ठेवणाऱ्यांची संख्या वाढते आहे. गेट सगळ्यात आधी काढला जातो.