पाळीतील समागम आणि ‘सुरक्षित दिवसां’चे गणित

‘कावळा शिवला’ म्हणून बाजूला बसण्याची चाल बहुतेक घरांतून उठली असली, तरी त्या दिवसांतील शरीरसंबंधांविषयीचे दोन समज अजून ठाण मांडून आहेत: असा संबंध अपायकारक असतो, आणि त्यातून दिवस जाणे शक्यच नसते. पहिला समज बव्हंशी निराधार आहे. दोघांचीही मनापासून इच्छा असेल, तर निरोगी जोडप्याला त्याने इजा होत नाही. दुसरा अधिक फसवा, कारण तो अर्धा खरा आहे.

जपानचे डॉक्टर क्यूसाकू ओगिनो यांनी १९२४ साली असे मांडले की, स्त्रीबीज पुढची पाळी येण्याआधी १२ ते १६ दिवस बाहेर पडते. म्हणजे हिशेब उलटा मोजायचा, आणि पुढची पाळी नेमकी कधी येणार हे तर आधी ठाऊक नसते. गोम आहे ती इथेच. चक्र २८ दिवसांचे असेल, तर पाळीत गर्भ राहण्याची शक्यता फार कमी. पण २२ दिवसांच्या चक्रात बीज आठव्या दिवसाच्या आसपासच सुटू शकते, आणि शुक्रजंतू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरतात; त्यामुळे पाचव्या दिवशी, डाग जेमतेम उरले असताना आलेल्या संबंधातूनही गर्भधारणा होऊ शकते. दोन पाळ्यांच्या मधला किरकोळ रक्तस्राव पाळीच समजला गेला, तर सगळा हिशेबच कोलमडतो.

संसर्गाची बाजूही रसायनशास्त्राची आहे. एरवी योनीचा सामू (पीएच; आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) ३.८ ते ४.५ असतो, लॅक्टोबॅसिलस जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करून तो तसा राखतात आणि अपायकारक जंतूंना अटकाव करतात. रक्ताचा सामू मात्र सुमारे ७.४, त्यामुळे स्राव चालू असताना ही आम्लता उतरते. त्यातच एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी यांचे विषाणू रक्तातून पसरत असल्याने, दोघांपैकी एकाचीही तपासणी व्हायची राहिली असेल, तर निरोधाला पर्याय नाही.

काही स्त्रियांना समागमानंतर ओटीपोटातील कळा कमी झाल्याचे जाणवते, काहींना त्या वाढल्याचे. तेव्हा तिला नको असेल, तर तिथेच थांबावे. टॅम्पॉन (योनीत ठेवायचा शोषक बोळा) किंवा पाळीचा कप वापरात असल्यास तो आधी काढावा. कोरडेपणा वाटला तरी लॅटेक्सच्या निरोधाबरोबर घरातले खोबरेल तेल लावू नये, कारण तेलाने लॅटेक्स कमकुवत होऊन फाटू शकते; पाण्याच्या आधारावर बनवलेले वंगण औषधाच्या दुकानात मिळते.