वाइनचा गाळ म्हणजे दह्याचं विरजण नव्हे

घरच्या वाइनच्या तळाचा गाळ, म्हणजे रस आंबवून खाली बसलेलं यीस्ट, विरजणासारखा कितीही वेळा वापरता येतो, हा समज जुना आणि अर्धवट आहे. १२-१३ टक्के अल्कोहोलमध्ये महिनाभर पडलेलं यीस्ट बरंचसं मेलेलं असतं, उरलेलं थकलेलं. त्यावर नवा रस ओतला की आंबणं मध्येच अडकू शकतं, सडक्या अंड्यांसारखा वास येऊ शकतो.

यीस्ट घ्यायचंच तर आंबणं जोरात असताना, तिसऱ्या-चौथ्या दिवशी घ्या: ५ लिटर नव्या रसाला २५० मिली फेसाळता रस, निर्जंतुक भांड्यातून. पहिल्या बॅचला व्हिनेगरचा वास असेल तर थेंबही नको, कारण व्हिनेगर करणारे जिवाणूही सोबत येतात. दोन-तीन बॅचनंतर नवं पाकीट उघडा. ५ ग्रॅम सुक्या यीस्टमध्ये सुमारे २० लिटर रस आंबतो.