गुळव्याची नजर आणि यंत्राची नजर

गुऱ्हाळावर काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, पाक चढत आला की गूळ शिजवणारा गुळवा त्यातला एक थेंब पाण्यात सोडतो, बोटांत गोळी वळून बघतो आणि काहील उतरवायला सांगतो. पाक त्या वेळी साधारण 118 अंश सेल्सिअसला असतो, पण थर्मामीटर कुठंच नसतो. जरा घाई झाली तर रवा धरत नाही, जरा उशीर झाला तर गूळ काळपट पडतो. नेमकं कसं कळलं, असं विचारलं तर त्याला सांगता येत नाही. बुडबुड्यांचा आकार, वास, चुलवाणाचा जाळ, सगळं मिळून त्याला ‘कळतं’.

कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणजे काय, हे समजवायला मला कोल्हापुरात याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. जुन्या पद्धतीच्या संगणकाला नियम सांगावे लागत: तापमान इतकं झालं की घंटा वाजव. आजच्या पद्धतीत नियम कुणी सांगत नाही. उकळत्या पाकाची हजारो छायाचित्रं दाखवायची आणि प्रत्येकाबरोबर ‘तयार’ किंवा ‘कच्चा’ एवढंच सांगायचं. यंत्र आधी अंदाज ठोकतं, चुकतं, आणि दर चुकीनंतर आपल्या आतले लाखो आकडे किंचित सरकवतं. असं असंख्य वेळा झालं की अंदाज बरोबर यायला लागतात. का बरोबर आले, हे मात्र गुळव्यासारखंच त्यालाही सांगता येत नाही.

दोघांमधला फरक दिसतो तो पुराच्या साली. चार-आठ दिवस पाण्यात उभ्या राहिलेल्या उसाचा रस वेगळा असतो. गुळवा तो चाखतो, तोंड वाकडं करतो आणि आज नेहमीचा हिशोब चालायचा नाही हे ओळखतो. ज्या यंत्राला फक्त चांगल्या सालची चित्रं दाखवली, ते तितक्याच ठामपणे चुकीचं उत्तर देऊ शकतं. आपण कधी न पाहिलेल्या गोष्टीसमोर उभे आहोत, हे त्याला आपोआप उमगत नाही. या तंत्रज्ञानाची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती इथं.

पंचगंगेच्या पुराचंच बघा. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी, हे आपल्याकडं शाळकरी पोरांनाही पाठ असतं. 2019 आणि 2021 मध्ये पाणी 55 फुटांच्याही वर गेलं. पाऊस, धरणांतला साठा आणि मागच्या वर्षांच्या नोंदी यांवरून पाणी कुठवर चढेल, हे यंत्राकडून शिकून घेता येतं. गुगलने 2018 मध्ये पाटण्यापासून असे इशारे द्यायला सुरुवात केली, आणि आता मोजमापाची सोय नसलेल्या नद्यांसाठीही काही दिवस आधी अंदाज बांधले जातात. प्रयाग चिखली, आंबेवाडी या नदीकाठच्या गावांतल्या लोकांना म्हशी सोडवून बाहेर पडायला एक दिवस जास्त मिळाला, तर त्याची किंमत पैशांत होत नाही. पण महापूर म्हणजे मुळातच क्वचित घडणारी गोष्ट. यंत्राला शिकायला चाळीस फुटांखालच्या नोंदी ढीगभर आणि पंचावन्नच्या वरच्या अगदी मोजक्या. गरज असते तिथंच त्याचा अभ्यास सगळ्यात कच्चा.

तरीही इथं दिलासा आहे, कारण बंधाऱ्यावरची मोजपट्टी खोटं बोलत नाही. अंदाज चुकला तर सकाळपर्यंत उघडा पडतो आणि सुधारता येतो. ‘अल्फाफोल्ड’ या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीचं तसंच. प्रथिनाची साखळी कशी दुमडते, हे पन्नास वर्षं छळणारं कोडं 2020 मध्ये या प्रणालीने बऱ्याच अंशी सोडवलं, कारण प्रयोगशाळांनी कष्टाने काढलेल्या रचनांशी उत्तर ताडून बघता येत होतं. त्या कामाला 2024 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. छातीच्या एक्स-रेवरून क्षयाचा संशय हेरणाऱ्या प्रणालींना जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये मान्यता दिली, तिथंही शेवटी थुंकीची तपासणी असतेच. जिथं बाहेरून पडताळा होतो, तिथं हे तंत्रज्ञान खरोखर मोठं वरदान आहे, असं मी मनापासून मानतो.

गप्पा मारणाऱ्या चॅटबॉटचं गणित वेगळं. पुढचा शब्द कुठला शोभेल, हा त्याचा मूळ धंदा. खरं आणि शोभणारं बहुतेक वेळा एकच असतं, म्हणून आपण गाफील राहतो. मी एकदा मराठीत पंचगंगेची धोका पातळी विचारली. उत्तर सफाईदार भाषेत आलं, आकडा मात्र चुकीचा. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, कधीच न झालेले खटले दाखले म्हणून सादर केले आणि 5000 डॉलरचा दंड भरला. 2025 च्या ऑगस्टपासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, बसतंय. इथल्या तरुण वकिलांनी तो निकाल जरूर वाचावा. आणि मराठीत धोका जास्तच, कारण इंटरनेटवर इंग्रजीच्या मानाने मराठी मजकूर फार थोडा. शिरोळच्या शेतकऱ्याने आपल्या बोलीत उसाची मुळं खाणाऱ्या हुमणी किडीबद्दल विचारलं तर यंत्राने त्या बोलीत वाचलेलं असतं कितीसं?

विजेचाही प्रश्न आहे. 2024 मध्ये जगातल्या डेटा सेंटरनी सुमारे 415 अब्ज युनिट वीज वापरली, जगाच्या वापराच्या दीड टक्का. त्यातला कृत्रिम बुद्धिमत्तेचा वाटा वेगाने वाढतोय.

राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की पाण्याच्या दाबाने ते आपोआप उघडतात, दर दरवाजातून 1428 क्युसेक, म्हणजे सेकंदाला तितके घनफूट, पाणी पंचगंगेला मिळणाऱ्या भोगावतीत येतं. तेही यंत्रच, माणसाला न विचारता निर्णय घेणारं. पण ते का उघडलं, हे कुणालाही सांगता येतं, म्हणून लोक त्यावर संसार हलवतात. पुराच्या रात्री चिखलीतून वरच्या गावातल्या पाहुण्यांना फोन जातो तो एवढंच विचारायला: किती दरवाजे उघडले?