जिमीचा टीव्ही

२२ मे १९४८ची रात्र. अमेरिकेत घरोघरी रेडिओ लागलेला. निवेदक राल्फ एडवर्ड्स हॉलिवूडच्या स्टुडिओत होता, आणि तो ज्याच्याशी बोलत होता तो मुलगा बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयात खाटेवर. वय वर्षं १२, पोटात कर्करोग. त्याची ओळख कुणाला कळू नये म्हणून त्याला नुसतं ‘जिमी’ म्हटलं होतं. एडवर्ड्सनं विचारलं, बोस्टन ब्रेव्हज या बेसबॉल संघाचा कॅचर, म्हणजे चेंडू झेलणारा, कोण? फिल मासी, पोरानं सांगितलं. त्याला कधी भेटलायस? नाही. एवढ्यात फिल मासी स्वतःच खाटेपाशी येऊन उभा राहिला! मागोमाग एकेक करत बाकीचे खेळाडूही आले. शेवटी सगळ्यांनी मिळून बेसबॉलचं गाणं म्हटलं, जिमीही बेसूर का होईना पण जोरात गायला.

त्याच्याशी बोलणं संपल्यावर एडवर्ड्सनं श्रोत्यांना सांगितलं, की या मुलाला मॅच बघायला टीव्ही हवाय. कर्करोगाच्या संशोधनासाठी २०,००० डॉलर जमले तर तो त्याला मिळेल. त्या वर्षी जमले २ लाख ३१ हजार डॉलरहून जास्त. पाकिटावर नुसतं ‘जिमी, बोस्टन’ लिहिलेली पत्रंसुद्धा पोचली. जिमीला टीव्ही मिळाला, आणि ‘जिमी फंड’ जन्माला आला.

यामागे डॉक्टर होते सिडनी फार्बर. ते मूळचे पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे गेलेल्या मुलांचे अवयव सूक्ष्मदर्शकाखाली तपासणं हे त्यांचं रोजचं काम. त्या काळी ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग झालेलं मूल काही आठवडे, फार तर काही महिने जगायचं. मुलं मेल्यावर तपासत बसण्यापेक्षा ती जिवंत असताना काही करता येईल का, हा प्रश्न या माणसानं मनावर घेतला.

त्यांच्या हाती जो धागा आला त्याचं एक टोक आपल्या परळला आहे, आणि हे आपल्याकडे फार कमी जणांना ठाऊक असतं. १९२८मध्ये लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईला आली. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक विचित्र ॲनिमिया होत होता. लाल पेशी फुगलेल्या, संख्येनं थोड्या, आणि नेहमीच्या औषधांनी उतार नाही. परळच्या हाफकिन संस्थेत काम करताना तिच्या लक्षात आलं, की मार्माइट, म्हणजे यीस्टचा काळसर, खारट अर्क दिला की या बायका सुधारतात. त्यातलं गुणकारी द्रव्य कोणतं ते तेव्हा कळलं नाही. १९४१मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून ते वेगळं काढलं गेलं आणि लॅटिनमधल्या ‘पान’ या शब्दावरून त्याला फॉलिक आम्ल हे नाव पडलं.

रक्त वाढवणारं द्रव्य ल्युकेमियातही उपयोगी पडेल, या आशेनं फार्बरनी ते मुलांना दिलं. झालं उलटंच. रोग बळावला, कर्कपेशी आणखी वेगानं वाढू लागल्या. हा धक्का किती मोठा असेल! पण फार्बरनी त्यातूनच पुढचा प्रश्न काढला. फॉलिक आम्लानं या पेशी वाढत असतील, तर त्याचं काम अडवल्यावर काय होईल?

अडवायचं कसं, हे न्यूयॉर्कजवळच्या लेडर्ले प्रयोगशाळेत आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूनं दाखवलं. पेशीला दुभंगायचं तर आधी डीएनएची नवी प्रत काढावी लागते, आणि त्या कामाला फॉलिक आम्ल लागतं. या रसायनज्ञांनी त्याच्या रेणूतला एका जागचा ऑक्सिजन काढून तिथे अमिनो गट बसवला. दिसायला जवळपास तोच रेणू. पेशीतलं एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन, त्याला फॉलिक आम्ल समजून धरतं आणि मग ते एन्झाइमच अडकून पडतं. नव्या डीएनएचं काम ठप्प होतं. या औषधाचं नाव अमिनोप्टेरिन.

१९४७च्या डिसेंबरअखेर फार्बरनी ते एका लहानग्याला दिलं. जून १९४८मध्ये निष्कर्ष छापून आले. १६ मुलांपैकी १० जणांत रोग काही काळ मागे हटला होता. काही काळच, मग तो परत यायचा. तोंड सोलवटून निघायचं, आतडी दुखावायची. या मुलांना सुखानं मरू द्या, असं म्हणणारे सहकारी होते, आणि त्यांना निर्दयी म्हणायला माझं मन धजत नाही. पण औषधानं ल्युकेमिया मागे हटतो, हे पहिल्यांदाच दिसलं होतं. सुब्बाराव त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, अवघ्या ५३व्या वर्षी गेले.

लोकांचा पैसा इथे कामी आला. व्हरायटी क्लब ही सिनेमा-नाटकवाल्यांची संघटना फंडामागे उभी होती. थिएटरांत डबे फिरायचे, पोरंटोरं आपली चिल्लर टाकायची. १९५२च्या जानेवारीत या पैशातून फार्बरच्या संस्थेची स्वतंत्र इमारत उभी राहिली. पुढे ब्रेव्हज संघ बोस्टन सोडून गेला तेव्हा बोस्टनच्याच रेड सॉक्स या बेसबॉल संघानं हे काम अंगावर घेतलं. आज ती संस्था डाना-फार्बर म्हणून ओळखली जाते. औषधं एकाऐवजी अनेक, एकत्र आणि दीर्घकाळ देण्याची पद्धत पुढे जगभर रुळली. मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणाऱ्या ल्युकेमियातून श्रीमंत देशांतली सुमारे ९० टक्के मुलं आता बरी होतात.

जिमी तेव्हाच गेला असणार, असं पुष्कळांनी धरून ठेवलं होतं. १९९८मध्ये, फंडाच्या पन्नाशीला, आयनर गुस्टाफसन नावाचे ट्रकचालक सर्वांसमोर आले. तेच जिमी. ते २००१मध्ये, ६५ वर्षांचे होऊन गेले.

अमिनोप्टेरिनचं सौम्य भावंड मेथोट्रेक्सेट अजून वापरात आहे. परळच्या टाटा रुग्णालयात तपासणीला आलेल्या, तोंडाला मास्क बांधलेल्या कितीतरी पोरांच्या फायलीत ते लिहिलेलं असतं, ‘आठवड्यातून एकदा’. तिथून हाफकिन संस्था चालत जाण्याच्या अंतरावर आहे.