प्रयोग आखायचा कोणी? शालेय विज्ञानातल्या एका जुन्या पेचाची पार्श्वभूमी

उद्देश, साहित्य, आकृती, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. महाराष्ट्रात दहावी-बारावी केलेल्या कोणालाही जर्नलमधले हे मथळे पाठ असतात. गंमत अशी, की निष्कर्ष काय येणार हे उद्देश लिहितानाच माहीत असतं. साध्या लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरणाची, म्हणजे 'जी'ची, किंमत ९.८च्या आसपास यायला हवी, म्हणून उत्तरावरून उलटं गणित करून रीडिंग्ज भरण्याची कला प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तपासणाऱ्यांनाही ती ठाऊक असते. कारण त्यांनीही कधीतरी तेच केलेलं असतं.

मुलांनी प्रयोग करावेत, हे शाळांनी बऱ्याच आधी मान्य केलं होतं. ते आखावेतही मुलांनीच, हे मात्र कधी पचलं नाही. १८८०च्या दशकात अमेरिकेत हार्वर्डने प्रवेशासाठी भौतिकशास्त्राचे चाळीसएक प्रयोग ठरवून दिले. ते विद्यार्थ्याने स्वतः केलेले असावेत, अशी अट होती. हेतू चांगला होता आणि त्यामुळे अनेक शाळांत प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. पण यादी आली की तिची उत्तरंही येतात, आणि प्रयोग परीक्षेच्या रांगेत जाऊन बसतो.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये हेन्री आर्मस्ट्राँग नावाचा रसायनशास्त्रज्ञ उलट टोकाला उभा होता. मुलाला काहीही सांगू नका, त्याला संशोधकाच्या जागी उभं करा, लोखंड गंजताना वजन वाढतं की घटतं हे त्यालाच तोलून पाहू द्या, असा त्याचा आग्रह. ही 'शोधन पद्धती' काही शाळांत चांगली रुजली. पण सगळं विज्ञान मुलांनी पुन्हा शोधायचं म्हटलं तर शाळेची वर्षं पुरायची नाहीत, ही टीकाही रास्त होती. १९१८ साली भौतिकशास्त्रज्ञ जे. जे. थॉमसन यांच्या समितीने विज्ञानशिक्षणाचा आढावा घेतला तेव्हा या पद्धतीच्या अतिरेकावर बोट ठेवलं.

मग समस्या, गृहीतक, प्रयोग, निष्कर्ष ही पायऱ्यांची 'वैज्ञानिक पद्धत' पाठ्यपुस्तकांत आली कुठून? तिचा एक मोठा झरा प्रयोगशाळेबाहेर सापडतो. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी १९१०मध्ये माणूस विचार कसा करतो याचं विश्लेषण करताना पाच टप्पे मांडले: अडचण जाणवणं, ती नेमकी ओळखणं, उपाय सुचणं, त्याचे परिणाम मनात ताडून पाहणं आणि शेवटी निरीक्षणाने तो स्वीकारणं किंवा टाकणं. हे कुठल्याही विचाराचं वर्णन होतं. शिक्षणाच्या व्यवहारात त्याची पाठ करण्याजोगी यादी झाली आणि तिला विज्ञानाचं नाव चिकटलं.

खरी गोम पुढेच आहे. प्रयोगाच्या आखणीचं शास्त्र म्हणून जे ओळखलं जातं ते शाळेत नाही, शेतात घडलं. इंग्लंडच्या रॉथमस्टेड कृषी संशोधन केंद्रात १९१९ साली रुजू झालेल्या संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांच्यासमोर एक व्यावहारिक प्रश्न होता. एका वाफ्यात खत घातलं, दुसऱ्यात नाही. पहिल्यात पीक जास्त आलं, तर ते खतामुळे की तिथली जमीनच कसदार होती म्हणून? त्यांचं उत्तर असं: तुलनेचे वाफे अनेक घ्या, शक्यतो सारख्या जमिनीचे गट पाडा आणि गटात कोणत्या वाफ्याला खत हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. १९३५च्या त्यांच्या पुस्तकातला चहाच्या कपांचा किस्सा प्रसिद्ध आहे. दूध आधी घातलं की चहा, हे चवीवरून ओळखतो असा दावा करणाऱ्या व्यक्तीला आठ कप द्यायचे, चार एका प्रकारचे, चार दुसऱ्या, क्रम चिठ्ठीने. नुसत्या नशिबावर सगळे बरोबर ओळखण्याची शक्यता सत्तरात एक. किती कप, कोणत्या क्रमाने, किती चुका झाल्या तर दावा फेटाळायचा, हे सगळं चहा ओतण्याआधी ठरतं.

ही विद्या भारतात लवकर पोचली आणि त्यात मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. वि. गो. पानसे आणि सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे यांचं कृषी संशोधकांसाठीचं संख्याशास्त्राचं पुस्तक १९५४मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने काढलं आणि कृषी महाविद्यालयांत ते अनेक दशकं हाताशी राहिलं. म्हणजे राहुरी-अकोल्याचा कृषी पदवीधर 'आरबीडी' (वाफ्यांचे गट पाडून चिठ्ठीने वाटणी करायची फिशर यांची तीच आखणी) म्हटल्यावर लगेच वाफे आखू लागतो, पण विज्ञान शाखेच्या बारावीच्या मुलाने 'तुलनेसाठी दुसरा गट कुठे आहे?' हा प्रश्न कधी ऐकलेलाही नसतो. मला हे विचित्र वाटतं.

१९५७मध्ये रशियाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडल्यानंतर अमेरिकेत आणि पुढे ब्रिटनमध्ये नफील्ड प्रकल्पातून शालेय विज्ञानाचे नवे अभ्यासक्रम आले. आपल्याकडे ते वारे पोचले, पण त्याहून मोलाचं काम मध्य प्रदेशात झालं. होशंगाबाद जिल्ह्यात रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर आणि बनखेडीजवळची किशोर भारती या दोन संस्थांनी १९७२ साली सोळा शाळांत सहावी ते आठवीचं विज्ञान प्रयोगांतून शिकवायला सुरुवात केली. किशोर भारती उभी करणारे अनिल सद्गोपाल मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली नोकरी सोडून तिथे गेले होते. टाटा संस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ उन्हाळ्यात येऊन सरकारी शाळांच्या शिक्षकांसोबत जमिनीवर बसून प्रयोग करत. १९७८मध्ये कार्यक्रम जिल्हाभर पसरला आणि १९८२ साली तो पुढे नेण्यासाठी 'एकलव्य' संस्था स्थापन झाली.

या कार्यक्रमाच्या 'बाल वैज्ञानिक' पुस्तकांत प्रश्न होते, उत्तरं नव्हती. एकच लांबी वर्गातल्या सगळ्यांनी मोजली तर आकडे वेगवेगळे का येतात, यावर मुलं थांबत. जर्नलवाल्या शाळेत हाच फरक लपवायचा असतो. शिक्षकांच्या मासिक बैठका होत, वर्गात अडलेलं तिथे मांडलं जाई. मुलांच्या प्रश्नांना पत्राने उत्तरं देणारा 'सवालीराम' हे काल्पनिक पात्रही होतं.

स्वस्त साहित्याच्या किटचं कौतुक खूप झालं, पण माझ्या मते होशंगाबादची कळ परीक्षेत होती. आठवीच्या बोर्डाला या मुलांसाठी विज्ञानाचा वेगळा पेपर शासनाने मान्य केला. पुस्तक आणि वही उघडून लिहायचं, शिवाय प्रात्यक्षिकाची परीक्षा. पाठ केलेल्या व्याख्येला गुणच नसतील तर ती पाठ करून घेण्यात शिक्षकाचाही वेळ जात नाही. एवढा बदल कागदावर किरकोळ दिसतो, पण तो मिळवायला आणि टिकवायला सरकारी यंत्रणेशी वर्षानुवर्षं बोलत राहावं लागलं.

आणि कार्यक्रम कोसळला तोही त्याच बाजूने. ही मुलं पुढच्या परीक्षांत मागे पडतात, असा आक्षेप स्थानिक राजकारणातून उठला. राज्यभर एकच पुस्तक हवं, हा युक्तिवाद त्याला जोडला गेला. २००२मध्ये मध्य प्रदेश सरकारने तीस वर्षांचा हा कार्यक्रम बंद केला. तेव्हा तो अनेक जिल्ह्यांत चालू होता.

महाराष्ट्रात वाट निराळी पडली. १९७४मध्ये मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झालं. वि. गो. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली केंद्राने जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरातल्या ग्रामीण शाळांत काम केलं. पाठ्यपुस्तकाची बोजड भाषा सोपी केली तर मुलांची समज किती वाढते, हेही तपासलं. तपासणी स्वतःच तुलनेच्या गटांसह केलेली होती, ही बाब मला पुस्तकाच्या भाषेइतकीच महत्त्वाची वाटते. पुढे ऑलिंपियाडचं, म्हणजे विज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी स्पर्धांचं, काम केंद्राकडे आलं. तिथल्या प्रायोगिक प्रश्नांत साहित्य समोर ठेवतात आणि बराचसा विचार विद्यार्थ्यावर सोडतात. पण तिथवर पोचणारी मुलं मोजकी.

जास्त मुलांपर्यंत गेली ती मुंबईच्या विज्ञान शिक्षकांनी १९८१मध्ये सुरू केलेली होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा. सहावी आणि नववीच्या मुलांसाठी लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक, मग स्वतः निवडलेल्या विषयावर कृती संशोधन प्रकल्प आणि मुलाखत, अशी तिची रचना. प्रकल्पात प्रश्न ठरवणं, काय बदलायचं, काय स्थिर ठेवायचं, हे मुलाला खरोखर ठरवावं लागतं. त्या स्पर्धेचे क्लासेस आता गावोगावी निघाले आहेत आणि काही ठिकाणी प्रकल्पाचा विषयही क्लासच सुचवतो.