मानशीचे दार आणि गावकरीचा नियम

गोव्यात मांडवी-झुवारी नद्यांच्या काठची खाजन शेती, म्हणजे बांध घालून राखलेली खारी जमीन, भरतीच्या पातळीच्या खाली आहे. साधारण 12 तास 25 मिनिटांनी खारे पाणी पुन्हा चढते, कधी भर दुपारी तर कधी रात्री दोन वाजता. दर भरतीला दार लावायला माणूस कुठून आणायचा? या रोजच्या अडचणीतून मानस घडली. मानस म्हणजे बांधातल्या मोरीला बसवलेले, फक्त नदीच्या बाजूला उघडणारे लाकडी दार. ओहोटीला शेतातले पाणी ते ढकलून बाहेर पडते आणि भरती चढली की नदीचे पाणीच ते दाबून बंद करते. पूर्ण बुडालेल्या 1 चौरस मीटर दारावर बाहेरची पातळी अवघ्या 10 सेंटिमीटरनी जास्त झाली, तरी 100 किलो वजनाइतका जोर पडतो.

दारात काटकी अडकली तर मात्र हिशेब उलटतो. समजा, फट 2 सेंटिमीटर रुंद आणि 1 मीटर लांब आहे, पाण्याच्या पातळीत फरक 30 सेंटिमीटरचा आहे. सेकंदाला 25 ते 30 लिटर पाणी आत शिरते, म्हणजे पाच तासांत सुमारे 5 लाख लिटर. उन्हाळ्यात नदीच्या मुखाकडे लिटरमागे 30 ग्रॅमच्या आसपास मीठ असते. एका भरतीत 15 टन मीठ शेतात! ते धुऊन निघेपर्यंत कोरगुटासारखे खार सोसणारे भातसुद्धा पेरता येत नाही.

म्हणून दाराइतकीच राखणही महत्त्वाची. चिखल-पेंढ्याच्या बांधाला खेकडे बिळे पाडतात. बीळ लहान असतानाच चिखलाने ठासून बुजवले नाही, तर वाहते पाणी माती ओढून नेते आणि भगदाड पडते. हे काम गावकरी, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेकडे असे. तिच्या चालीरीती पोर्तुगीजांनी 1526 साली लिहून घेतल्या. 1964च्या कूळ कायद्यानंतर बांधांची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे आली.

आजची खरी ओढाताण मासळीवरून आहे. मानशीवर मासे धरण्याचा हक्क लिलावाने जातो. ओहोटीला जाळे लावण्यात शेताचे काही बिघडत नाही. पण कोळंबी जास्त आत यावी म्हणून भरतीला दार अडवून ठेवले, की मीठही येते. एकाच दाराकडून शेतकऱ्याला आणि मासे धरणाऱ्याला दोन वेगळ्या गोष्टी हव्या असतात. भरतीला दार अडवू नये, हे लिलावाच्या अटींत स्पष्ट लिहावे, आणि भर भरतीला शेताच्या बाजूने उभे राहून दाराच्या कडा पाहाव्यात: पाण्याची धार दिसली, तर पुढच्या ओहोटीत फळी काढून दुरुस्त करावी.