पटलातील प्रोटॉनची वाट: ‘गोल आणि वाहिन्या’ या आकृतीची पार्श्वभूमी

हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या इंधन घटावरील पाठ्यपुस्तकांत, घटाच्या दोन बाजूंमध्ये बसवलेल्या आणि प्रोटॉन पलीकडे जाऊ देणाऱ्या नाफिऑन या प्लास्टिकच्या पटलाच्या अंतरंगाची जी आकृती छापली जाते, तिच्यात पाण्याने भरलेले गोल आणि त्यांना जोडणाऱ्या अरुंद वाहिन्या दिसतात. प्रोटॉन या वाहिन्यांतून पलीकडे जातो, असे खाली लिहिलेले असते. ही आकृती मुळात कॉस्टिक सोडा बनवणाऱ्या उद्योगाच्या अडचणीतून जन्माला आली आणि इंधन घटाने ती पुढे उसनी घेतली, ही गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही.

त्याआधीचा काळ थोडक्यात सांगता येतो. पाण्यात भार एका रेणूकडून दुसऱ्याकडे सोपवला जातो, या कल्पनेचे मूळ 1806 सालच्या एका निबंधात आहे. पटलात जखडलेला भार विरुद्ध भाराच्या आयनांना आत घेतो आणि समान भाराच्या आयनांना अडवतो, हे गणित 1930 च्या दशकात मांडले गेले. 1955 मध्ये सल्फोनेटेड पॉलिस्टायरीनचे (ऋणभारित गट जोडलेल्या प्लास्टिकचे) पटल इंधन घटात वापरण्याची कल्पना पुढे आली. 1965 मध्ये अशा पटलांचे घट जेमिनी यानातून अवकाशात गेले, पण ते पटल रासायनिक माऱ्यापुढे फार काळ टिकत नव्हते. दशकाच्या उत्तरार्धात त्याची जागा नाफिऑन या फ्लोरिनयुक्त पॉलिमरने घेतली आणि या नव्या पटलाला मोठे गिऱ्हाईक मिळाले ते क्लोर-अल्कली कारखान्यांत, म्हणजे मिठाच्या पाण्यातून वीज सोडून क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा बनवणाऱ्या कारखान्यांत.

तिथला प्रश्न असा होता. मिठाच्या पाण्यातील सोडियम आयन पटल ओलांडून गेला पाहिजे, पण कॉस्टिकच्या बाजूचा हायड्रॉक्साइड आयन मागे येता कामा नये. पटल भरपूर पाणी शोषत असेल, तर हायड्रॉक्साइडला अडवते कोण? 1980 च्या सुमारास त्याचे उत्तर दिले गेले: सुमारे 4 नॅनोमीटर व्यासाचे पाण्याचे गोल आणि त्यांच्या मध्ये जेमतेम 1 नॅनोमीटर रुंदीच्या वाहिन्या, ज्यांच्या भिंतींवरील सल्फोनेट गट (पॉलिमरला जखडलेले ऋणभारित गट) ऋण आयनाला मागे ढकलतात. या चित्राला मुख्य आधार होता तो लघुकोनी क्ष-किरण प्रकीर्णनात, म्हणजे पटलातून जाताना लहान कोनांत विखुरलेल्या क्ष-किरणांच्या आलेखात, दिसणाऱ्या एका रुंद शिखराचा. ते शिखर पटलाच्या आत सुमारे 5 नॅनोमीटर अंतरावर काहीतरी पुन्हा पुन्हा येते एवढेच सांगते. त्या ‘काहीतरी’चा आकार सांगत नाही. वाहिनीची स्वतंत्र खूण तर त्यात कुठेच नव्हती. आयन जातात, म्हणजे वाट असलीच पाहिजे, असा तो तर्क होता.

खरी अडचण पटल फुगताना दिसते. पाणी वाढले की शिखरावरून काढलेले अंतर पटलाच्या बाह्य फुगण्यापेक्षा कितीतरी जास्त वाढते. गोलांचे चित्र टिकवायचे तर प्रत्येक थेंबागणिक लहान गोल एकमेकांत विरघळून मोठे होतात, असे मानावे लागते, आणि ते पटण्याजोगे नाही. कोरड्या पटलापासून विरल द्रावणापर्यंतची मापने 2000 च्या सुमारास एकत्र मांडली गेली, तेव्हा पॉलिमरच्या लांबट काड्यांचे चित्र अधिक जुळले. 2008 मध्ये, जुन्याच प्रकीर्णन-मापनांवरून, सरासरी 2.4 नॅनोमीटर व्यासाच्या समांतर दंडगोलाकार वाहिन्या सुचवल्या गेल्या. 2013 मध्ये चपट्या, थरांसारख्या जागांचा पक्ष मांडला गेला. तिन्ही पक्ष त्याच शिखराकडे बोट दाखवतात, यावरूनच पुराव्याची मर्यादा कळते. प्रस्तुत लेखकाला चपट्या जागांचा पक्ष अधिक सबळ वाटतो, कारण अंतर आणि पाण्याचे प्रमाण यांतील नाते त्यात कमीत कमी गृहीतकांनी सुटते.

वाहकता मोजून हा वाद मिटत नाही, कारण वाहकता आकारापेक्षा पाण्याच्या प्रमाणावर अधिक अवलंबून असते. एका सल्फॉनिक गटामागे (सल्फोनेटचेच प्रोटॉनसह रूप) पाण्याचे दोन-तीनच रेणू असतील, तर प्रोटॉन त्या गटाला चिकटून राहतो. पाणी वाढले की तो आधी हायड्रोनियमच्या (प्रोटॉन जोडलेल्या पाण्याच्या रेणूच्या) रूपात पाण्याबरोबर सरकतो आणि भरपूर पाण्यात रेणूंवरून उड्याही घेतो. द्रवरूप पाण्यात पटल प्रत्येक गटामागे सुमारे 22 रेणू घेते आणि संपृक्त वाफेत सुमारे 14. दोन्हीकडे पाण्याची सक्रियता (पटलात शिरण्याची ओढ) सारखीच असताना हा फरक का पडतो, यावर 1903 पासून खल चालू आहे. प्रोटॉन जाताना पाणीही ओढून नेतो, वाफेत साधारण एक रेणू आणि द्रवात सुमारे अडीच. त्यामुळे घटातून जास्त वीज घेतली की हायड्रोजनच्या बाजूचे पटल सुकते.

पटल पातळ करणे हा त्यावरचा व्यवहारी उपाय ठरला. नाफिऑनच्या 117 क्रमांकाच्या जुन्या पटलाची जाडी सुमारे 180 मायक्रोमीटर होती. मोटारींत आता 20 मायक्रोमीटरपेक्षाही पातळ पटले वापरतात. पातळ पटलात पाण्याला विरुद्ध बाजूने परत झिरपताना कमी अंतर कापावे लागते, पण वायू गळण्याची भीती वाढते. 2023 मध्ये युरोपात फ्लोरिनयुक्त रसायनांवर व्यापक निर्बंधांचा प्रस्ताव आल्यापासून फ्लोरिन नसलेली पटले आणि हायड्रॉक्साइड वाहून नेणारी धनभारित पटले पुन्हा चर्चेत आली आहेत. या दुसऱ्या गटातील काही पटले उत्तम वाहक असूनही त्यांच्या प्रकीर्णनात ते प्रसिद्ध शिखर जवळपास दिसतच नाही. त्यांची नित्याची अडचण वेगळीच आहे: हवेतील कार्बन डायऑक्साइड हायड्रॉक्साइडशी संयोग पावून कार्बोनेट बनवतो, आणि कार्बोनेट बराच सावकाश सरकतो.